मसल कारला वळायला कुणी शिकवलं? ट्रान्स-अ‍ॅम शर्यती, १९६६ ते १९७२

चौथा_गिअर

अमेरिकन मसल कारचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'सरळ रस्त्यावर बाण, वळणावर बैलगाडी.' शोरूममधून बाहेर पडणाऱ्या बहुतेक गाड्यांना हे लागूही पडायचं. पण साठीच्या दशकाच्या शेवटी मस्टँग, कॅमारो, जॅव्हलिन, बाराकुडा या गाड्या डाव्या-उजव्या वळणांच्या, चढउतारांच्या ट्रॅकवर शर्यती करत होत्या, आणि तिथं नुसता इंजिनाचा जोर असून भागत नव्हतं. त्या मालिकेचं नाव ट्रान्स-अ‍ॅम. तिच्याबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर भर घाला.

माझं म्हणणं आधीच सांगतो. या गाड्या वळायला आणि थांबायला शिकल्या त्या एका नियमामुळे: इंजिन ५ लिटरच्या वर चालणार नाही. अमेरिकन मोटार कंपन्यांच्या गावात, डेट्रॉइटमध्ये, तेव्हा ६ आणि ७ लिटरची चढाओढ लागली होती. ५ लिटरचं कुंपण घातल्यावर सगळ्यांचे घोडे जवळपास सारखे झाले. मग जिंकायचं कशावर? ब्रेकवर, सस्पेन्शनवर, टायरवर, पिटमधल्या (ट्रॅकशेजारी गाडी थांबवून इंधन भरतात, दुरुस्ती करतात ती जागा) माणसांच्या हातावर.

मालिका सुरू केली स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिकाने (पुढे एससीसीए), १९६६ मध्ये. पूर्ण नाव ट्रान्स-अमेरिकन सेडान चॅम्पियनशिप. एफआयए या जागतिक मोटार संघटनेच्या गट १ आणि गट २ मधल्या गाड्या, म्हणजे मागे बसायला जागा असलेल्या आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या. दोन वर्ग: २ लिटरच्या आतले आणि २ ते ५ लिटरचे. दोन्ही एकाच वेळी ट्रॅकवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुण कंपनीला मिळायचे. चालकाला अजिबात नाही. चालकांचं अजिंक्यपद १९७२ पर्यंत नव्हतंच. त्यामुळे डेट्रॉइटच्या कंपन्यांनी ही मालिका स्वतःच्या अब्रूचा प्रश्न केली.

पहिली शर्यत २५ मार्च १९६६ ला फ्लोरिडातल्या सेब्रिंगला, तिथल्या प्रसिद्ध १२ तासांच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी. जिंकला कोण? योखेन रिंट, छोट्या अल्फा रोमिओ जीटीएमध्ये. मोठ्या वर्गात बॉब टुलियस डॉज डार्ट घेऊन पहिला आला, पण एकूण क्रमांकात तो रिंटच्या मागे होता. मोठ्या इंजिनांच्या मालिकेची सुरुवात छोट्या गाडीच्या विजयाने झाली.

मस्टँगचं प्रकरणही मजेशीर आहे. फोर्डसाठी शर्यती गाड्या बांधणाऱ्या कॅरोल शेल्बीची जीटी३५० ही मस्टँग मुळात मागची सीट काढलेली, म्हणून एससीसीएच्या लेखी ती स्पोर्ट्‌स कार. ट्रान्स-अ‍ॅमला सेडान हवी. तेव्हा शेल्बीने १९६६ साठी साध्या डिकीच्या मस्टँग कूपेवर १६ शर्यती गाड्या बांधल्या. वर्षाच्या शेवटी रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर जेरी टायटसने त्यातल्या एका गाडीवर शर्यत जिंकली आणि अजिंक्यपद फोर्डकडे गेलं. हा टायटस मोटारींच्या मासिकाचा संपादकही होता. आठवडाभर लिहायचं आणि शनिवार-रविवारी गाडी हाकायची.

१९६७ मध्ये फोर्डच्या घरातच भांडण लागलं. एकीकडे शेल्बीच्या मस्टँग, दुसरीकडे त्याच कंपनीच्या मर्क्युरी विभागाच्या कूगर. कूगरचा संघ बड मूरचा. साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गचा हा माणूस, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला, पुढे स्टॉक कार शर्यतींत नाव काढलेला. त्याच्याकडे डॅन गर्नी आणि पार्नेली जोन्ससारखे चालक. शेवटच्या शर्यतीपर्यंत झुंज चालली आणि फोर्ड ६४-६२ असं जिंकलं. दोन गुणांनी.

त्याच वर्षी कॅमारो आली. तिच्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, ते प्रकरण मोठं आहे.

पेट्रोलपाणी

सुंदर धागा. एक शंका आहे. मस्टँग आणि कॅमारोला मसल कार म्हणावं का? जाणकार त्यांना पोनी कार म्हणतात. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन, उदाहरणार्थ पॉन्टिअ‍ॅक जीटीओ.

चौथा_गिअर

@पेट्रोलपाणी, काटेकोरपणे पाहिलं तर तुमचं बरोबर आहे. ट्रान्स-अ‍ॅममध्ये धावल्या त्या जवळजवळ सगळ्या पोनी कार. पण आज लोक दोघींना एकाच नावाने ओळखतात, म्हणून शीर्षकात तेच ठेवलं. वर्गवारीपेक्षा त्या काळात काय घडलं यावर बोलू या.

आता कॅमारो झेड/२८. जनरल मोटर्सने १९६३ पासून शर्यतींत भाग घ्यायला स्वतःच्या सगळ्या विभागांना बंदी केली होती. शेव्हरोलेला मस्टँगला उत्तर तर द्यायचं होतं, पण उघडपणे संघ उतरवता येत नव्हता. शेव्हरोलेतल्या विन्स पिगिन्सने मार्ग काढला: शर्यतीला लागतं ते सगळं एका ऑप्शन पॅकेजमध्ये घालून शोरूममध्ये विकायला ठेवायचं. ऑर्डर फॉर्मवरचा त्याचा कोड झेड२८, तेच नाव झालं.

इंजिनाचं गणित मला फार आवडतं. ५ लिटर म्हणजे ३०५ घन इंच. शेव्हरोलेकडे ३२७ होतं (मोठं पडतं) आणि २८३ होतं (लहान पडतं). ३२७ चा ब्लॉक घेतला, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच. त्यात २८३ चा क्रँक बसवला, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३ इंच. झालं ३०२. छोटा स्ट्रोक, मोठा बोअर, म्हणजे वरच्या आरपीएमला श्वास घेणारं इंजिन. कागदावर २९० एचपी लिहिलेले, पण ते जाणूनबुजून कमी दाखवलेले होते. ऑटोमॅटिक गिअर मिळत नसे, एसी मिळत नसे. चार गिअर आणि पुढे डिस्क ब्रेक घ्यावेच लागत. १९६७ मध्ये अशा ६०२ गाड्या खपल्या. १९६९ मध्ये वीस हजारांवर. शर्यतीचा विक्रीवर काय परिणाम झाला ते या आकड्यांत दिसतं.

आणि योगायोग बघा. दोन वर्षांनी फोर्डने याच मालिकेसाठी बॉस ३०२ काढली, तिचंही बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३ इंच. दोन कट्टर वैरी, दोन वेगळे कारखाने, आणि ५ लिटरच्या नियमाने दोघांना एकाच मापावर आणलं.

मिस्त्री_नाशिक

माझं गॅरेज आहे, त्यामुळे इंजिनापेक्षा ब्रेकचं कुतूहल जास्त. दीड टनाच्या आसपासची गाडी, तेव्हाचे ब्रेक, आणि दोन-अडीच तासांची शर्यत. पॅड टिकत होते का?

चौथा_गिअर

@मिस्त्री_नाशिक, टिकत नव्हते, आणि त्यावरच अनेक शर्यतींचा निकाल ठरला. वजनाची किमान मर्यादा २८०० पाउंड होती, म्हणजे साधारण १२७० किलो. त्यात इंधन, त्यात चालक.

रॉजर पेन्स्कीच्या संघाची गोष्ट सांगतो. त्यांचा मुख्य चालक मार्क डोनह्यू, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. लांब शर्यतीत पॅड बदलावे लागायचे. तुम्हाला माहीतच आहे, पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर आलेले असतात. नवीन जाड पॅड बसवायचे तर पिस्टन पुन्हा आत ढकलावे लागतात. इतर संघांचे लोक पिटमध्ये पट्टी घालून, जोर लावून, भाजणाऱ्या कॅलिपरशी झगडत ते करायचे. पेन्स्कीच्या लोकांनी इंजिनाच्या व्हॅक्यूमचा उपयोग केला. चालक पिटमध्ये येताना व्हॅक्यूम ब्रेकच्या यंत्रणेला जोडला जायचा, तेल मागे ओढलं जायचं आणि पिस्टन आपसूक आत सरकायचे. मेकॅनिकने जुने पॅड काढायचे, नवीन सरकवायचे, संपलं.

दुसरी गोष्ट इंधनाची. तेव्हा इंधन पंपाने नव्हे, उंचावरच्या टाकीतून उतरत्या नळीने भरलं जायचं. टाकी जितकी उंच तितका दाब जास्त. पेन्स्कीने पिटमध्ये एक उंचच्या उंच मनोरा उभा केला आणि त्यावर टाकी ठेवली. बाकीचे बघत राहिले. मग उंचीवर मर्यादा आली.

मिस्त्री_नाशिक

व्हॅक्यूमने पिस्टन मागे ओढायचे. वा! पन्नासएक वर्षांपूर्वी हे सुचलं त्या माणसाला नमस्कार. आमच्याकडे आजही सी-क्लॅम्प लावून दाबतात.

वरदा

पण हाच तो संघ ना, ज्याने गाडीचा पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवून पातळ केला होता? नियमाच्या मर्यादेत राहून डोकं चालवणं वेगळं आणि वजनात फसवणूक वेगळी. मला डोनह्यू चालक म्हणून फार मोठा वाटतो, पण हे पटत नाही.

चौथा_गिअर

@वरदा, हो, तोच संघ. १९६७ च्या कॅमारोची बॉडी अ‍ॅसिडमध्ये बुडवली होती. १९६८ च्या सेब्रिंगला तर त्यांच्याकडे एक हलकी जुनी आणि एक नियमातली नवी गाडी होती. दोन्ही दिसायला हुबेहूब सारख्या केल्या, नियमातली गाडी तपासणीतून नंबर बदलून दोनदा नेली, आणि शर्यतीत दोन्ही उतरवल्या. एकूण क्रमांकात तिसऱ्या आणि चौथ्या आल्या, पुढे फक्त दोन पोर्शे. हे डोनह्यूने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. १९६९ च्या कॅमारोंच्या छतावर रेक्झिनसारखं व्हिनाइल चढवलेलं होतं. पातळ पत्र्याच्या सुरकुत्या झाकायला, असं तेव्हापासून बोललं जातं.

माझं मत तुमच्याच बाजूचं आहे. ब्रेकचा व्हॅक्यूम ही हुशारी, अ‍ॅसिडचा पत्रा ही चोरी. पण त्या चोरीमुळेच ते जिंकले असंही मला म्हणवत नाही. १९६८ मध्ये डोनह्यूने १३ पैकी १० शर्यती जिंकल्या, त्यातल्या आठ सलग. त्या वर्षी फोर्डकडे 'टनेल पोर्ट' नावाचं नवीन ३०२ इंजिन होतं आणि ते शर्यतीमागून शर्यत फुटत होतं. मस्टँगने वर्षाची सुरुवात झकास केली होती, डेटोनाच्या २४ तासांत टायटस आणि बकनम एकूण चौथे आले होते. नंतर इंजिनांनी घात केला. पेन्स्कीचा खरा फायदा तयारीचा होता. शेव्हरोलेच्या संशोधन विभागाची दारामागून मदत, त्यावर डोनह्यूची चाचणी. मागचा अख्खा अ‍ॅक्सल आणि पाट्यांचं सस्पेन्शन, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं टप्पे खायची. ते टप्पे काढायला त्याने शॉक, पाटे, मागच्या ब्रेकचा दाब यांवर अक्षरशः महिने घालवले. गाडीला वळायला शिकवणं म्हणतो ते हे.

अनघा_सॅनहोजे

मी कॅलिफोर्नियात राहते आणि दर ऑगस्टमध्ये लगुना सेकाच्या ट्रॅकवर जुन्या शर्यती गाड्यांचं संमेलन भरतं तिथं जाते. त्यात ट्रान्स-अ‍ॅमच्या मूळ गाड्या, म्हणजे खरोखर त्या काळात धावलेल्या, पुन्हा ट्रॅकवर येतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा जरूर पाहा. मी कॉर्कस्क्रूच्या वळणापाशी उभी राहते. तिथं ट्रॅक चढून येतो, डावीकडे वळतो आणि पायाखालची जमीन निघून गेल्यासारखा खाली उतरत उजवीकडे जातो. आधी आवाज येतो, गाडी नंतर दिसते. ब्रेक लागताना नाक खाली, मागचा भाग हलका होऊन किंचित डोलतो, आणि मग उतारावर आतलं पुढचं चाक जमिनीपासून सुटलेलं दिसतं. चालक स्टिअरिंगवर सतत काम करत असतो, खिडकीतून त्याचे कोपर दिसतात. आजच्या शर्यती गाड्या रुळावरून गेल्यासारख्या जातात. या गाड्यांत माणूस आणि गाडी यांचं भांडण उघड्यावर दिसतं.

आवाजातही फरक कळतो. बॉस ३०२ जरा खरखरीत, कॅमारो वर चढत जाणारी, आणि प्लिमथ (बाराकुडा) जवळून गेली की छातीत धडधड होते.

सोलापूरकर

प्लिमथ आणि डॉज ही नावं वाचून बरं वाटलं. आमच्या गावच्या वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना काढला आणि १९४७ पासून तिथं डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात होत्या. मुंबईच्या जुन्या टॅक्सींत त्या गाड्या होत्या. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला प्लिमथ ऐकून नाही, बसून माहीत होती. त्याच कंपनीने शर्यतीसाठी काय केलं ते सविस्तर लिहा ना.

चौथा_गिअर

@सोलापूरकर, छान दुवा दिलात. क्रायस्लर १९७० मध्ये पूर्ण ताकदीने उतरली, आणि १९७० हेच या मालिकेचं सर्वांत मोठं वर्ष. म्हणून जरा सविस्तर.

त्या वर्षी डेट्रॉइटमधलं कुणीच बाहेर राहिलं नाही. फोर्ड बॉस ३०२ बड मूरकडे, चालक पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फॉलमर. पेन्स्की आणि डोनह्यू शेव्हरोले सोडून अमेरिकन मोटर्सकडे गेले, जॅव्हलिन घेऊन. कॅमारो जिम हॉलच्या चॅपरल संघाकडे. प्लिमथ बाराकुडा डॅन गर्नीच्या ऑल अमेरिकन रेसर्सकडे, चालक स्वीड सॅव्हेज. डॉज चॅलेंजर रे काल्डवेलच्या ऑटोडायनॅमिक्सकडे, चालक सॅम पोझी. पॉन्टिअ‍ॅक फायरबर्ड टायटसकडे.

नियम असा होता की शर्यतीत उतरवायची गाडी किमान २५०० तरी बनवून विकायची, किंवा आदल्या वर्षीच्या एकूण उत्पादनाच्या अडीचशेव्या भागाइतकी, जे जास्त असेल ते. म्हणून प्लिमथने बाराकुडाचीच एएआर कुडा ही आवृत्ती काढली, साधारण २७०० गाड्या; डॉजने चॅलेंजर टी/ए, साधारण २४००; अमेरिकन मोटर्सने मागे डोनह्यूच्या नावाचा स्पॉइलर लावून अडीच हजार जॅव्हलिन. कुडा आणि टी/ए या दोघींचे सायलेन्सरचे नळ मागच्या चाकाच्या पुढे, बाजूला निघतात. रस्त्यावरच्या गाडीत ३४० घन इंचाचं इंजिन आणि तीन कार्ब्युरेटर. शर्यतीच्या गाडीत तेच इंजिन लहान स्ट्रोक करून ३०५ मध्ये आणलेलं आणि एकच कार्ब्युरेटर, कारण १९७० पासून एकच चार-नळ्यांचा कार्ब चालत होता. आज संग्राहक ज्या गाड्यांसाठी वाट्टेल ती किंमत मोजतात त्यातल्या कितीतरी केवळ या नियमामुळे जन्मल्या.

निकाल काय लागला? क्रायस्लरच्या दोन्ही गाड्यांना एकही विजय मिळाला नाही. वेग होता, विश्वासार्हता नव्हती. शिवाय कंपनीने वर्षाच्या मध्यात पैसा आखडता घेतला आणि गर्नीला एका गाडीवर यावं लागलं. ११ शर्यतींपैकी जोन्स पाच, फॉलमर एक, डोनह्यू तीन. उरलेल्या दोन कॅमारोच्या: डॉनीब्रुकला मिल्ट मिंटर आणि वॉटकिन्स ग्लेनला व्हिक एल्फर्ड. अजिंक्यपद फोर्डचं.

शेवटची शर्यत रिव्हरसाइडला. अजिंक्यपद आधीच ठरलं होतं, पण जोन्स ते मनावर घेणाऱ्यांतला नव्हता. तो पुढे असताना शर्यतीत मागे पडलेल्या एका संथ गाडीशी धडक झाली आणि त्याची मस्टँग ट्रॅकबाहेर टेकाडावर गेली. परत आला तेव्हा नववा. पत्रा चेपलेला, गाडीची अवस्था बघवत नाही, आणि त्या अवस्थेत एकेकाला मागे टाकत तो जिंकला. मसल कार फक्त सरळ धावतात असं म्हणणाऱ्याला मी हीच शर्यत सांगतो.

निखिल_टी

जेरी टायटसचं त्या वर्षी काय झालं तेही लिहायला हवं.

चौथा_गिअर

हो. जुलै १९७० मध्ये रोड अमेरिकाला सरावात त्याच्या फायरबर्डचा अपघात झाला आणि ऑगस्टमध्ये तो गेला. मालिकेचं पहिलं अजिंक्यपद मस्टँगला मिळवून देणारा माणूस.

या चालकांची यादी वाचताना मन खट्टू होतं. स्वीड सॅव्हेज १९७३ मध्ये इंडियानापोलिसच्या अपघातात गेला. जॅव्हलिनचा दुसरा चालक पीटर रेव्हसन १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कायालामीला, आणि डोनह्यू १९७५ मध्ये ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सरावातल्या अपघातानंतर. या गाड्यांचं कौतुक करताना तेव्हाची सुरक्षितता कशी होती हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

पेट्रोलपाणी

पॉन्टिअ‍ॅकवरून आठवलं. फायरबर्ड ट्रान्स अ‍ॅम हे नाव जगाला माहीत आहे, मालिकेचं नाव मात्र कमी जणांना. पॉन्टिअ‍ॅकने एससीसीएला त्या नावासाठी प्रत्येक गाडीमागे पाच डॉलर द्यायचे ठरवले होते. १९६९ च्या पहिल्या वर्षी ७०० हूनही कमी गाड्या निघाल्या. आणि त्यातलं इंजिन ४०० घन इंचाचं, म्हणजे साडेसहा लिटर. ज्या शर्यतीचं नाव मिरवलं त्या शर्यतीत ती गाडी तशीच्या तशी उतरूच शकत नव्हती. शर्यतीच्या फायरबर्डला छोटं इंजिन घालावं लागायचं.

सदानंद_मेलबर्न

ऑस्ट्रेलियाची बाजू मांडतो, कारण या गाड्यांचा इतिहास अमेरिकेत संपत नाही. इथं टुरिंग कारचं राष्ट्रीय अजिंक्यपद १९६५ मध्ये नॉर्म बीचीने मस्टँगवर जिंकलं आणि १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं इअन गेगनने, तेही मस्टँगवरच. मग १९७१ आणि १९७२ मध्ये बॉब जेनने कॅमारोवर.

पण इथल्या लोकांच्या मनात बसलेली गाडी अ‍ॅलन मॉफॅटची. फोर्डने त्याला १९६९ ची खरी ट्रान्स-अ‍ॅम बॉस ३०२ दिली, बड मूरच्या हातची. लाल रंग, कोका-कोलाची जाहिरात. १५१ शर्यतींत १०१ विजय! आणि एवढं होऊनही त्या गाडीवर त्याला राष्ट्रीय अजिंक्यपद एकदाही मिळालं नाही. इथले म्हातारे लोक अजून त्याबद्दल हळहळतात.

चौथा_गिअर

सदानंदकाका, ही भर फार मोलाची. ब्रिटनबद्दलही थोडं. तिथं अमेरिकन गाड्या ट्रान्स-अ‍ॅमच्या आधीच पोचल्या होत्या. १९६१ मध्ये डॅन गर्नीने सिल्व्हरस्टोनला शेव्हरोले इम्पाला नेली, जॅग्वारवाल्यांच्या पुढे पळत होता, आणि चाक तुटून बाहेर पडला. १९६३ मध्ये जॅक सीअर्सने ७ लिटरची फोर्ड गॅलॅक्सी आणून जॅग्वारचं राज्य संपवलं. १९६४ च्या फ्रान्समधल्या टूर द फ्रान्स ऑटो स्पर्धेत मस्टँगने टुरिंग गटात पहिले दोन क्रमांक काढले, गाडी बाजारात येऊन जेमतेम पाच महिने झाले असताना. १९६५ चं ब्रिटिश अजिंक्यपद रॉय पिअरपॉइंटच्या मस्टँगचं, १९६७ चं फ्रँक गार्डनरच्या फोर्ड फाल्कनचं, १९७३ चं पुन्हा गार्डनरचं, कॅमारोवर.

वरदा

२ लिटरच्या वर्गाबद्दल कुणीच बोलत नाहीये! मला तर तोच भाग जास्त आवडतो. १९६७ ते १९६९ तिथं पोर्शे ९११ जिंकत होती, मागे दोन छोट्या सीट आहेत म्हणून ती सेडान धरली गेली. पुढे मर्यादा अडीच लिटर झाली आणि तो वर्ग वेगळा धावू लागला. पीट ब्रॉकच्या बीआरई संघाच्या डॅटसन ५१० ने १९७१ आणि १९७२ अशी दोन वर्षं जॉन मॉर्टनच्या हातून अल्फाला हरवलं. १९७१ चा निकाल तर लगुना सेकाच्या शेवटच्या शर्यतीत लागला: हॉर्स्ट क्वेचची अल्फा पुढे आली, तपासणीत तिची इंधनाची टाकी मापापेक्षा मोठी निघाली, आणि ती बाद झाली. जपानी गाडी म्हणजे स्वस्तातली गाडी, हा अमेरिकनांचा समज त्या चौकोनी डॅटसनने मोडला.

निखिल_टी

मग हे सगळं थांबलं का? १९७० मध्ये सहा-सहा कंपन्या आणि दोन वर्षांत मैदान रिकामं?

चौथा_गिअर

@निखिल_टी, एकाच वेळी बरंच काही घडलं. १९७० मध्ये हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला, कंपन्यांचा पैसा आणि इंजिनिअर तिकडे वळले. जोरदार गाड्यांचा विमा तरुणांना परवडेना, त्यामुळे विक्री घटली. फोर्डने नोव्हेंबर १९७० मध्ये शर्यतींतून अंग काढून घेतलं. आणि मालिकेची जी ताकद होती तीच तिचं दुखणं ठरली: गुण कंपन्यांचे, पैसा कंपन्यांचा, म्हणून कंपन्या गेल्या तर उरतं काय?

१९७१ मध्ये कारखान्याचा पूर्ण पाठिंबा असलेला मोठा संघ एकच राहिला, पेन्स्कीची जॅव्हलिन. डोनह्यूने दहापैकी सात जिंकल्या. अमेरिकन मोटर्स ही सगळ्यांत छोटी कंपनी, विस्कॉन्सिनमधल्या कनोशाची, आणि अजिंक्यपद तिचं. १९७० मध्ये जॅव्हलिनच्या इंजिनांना वळणात तेलाचा पुरवठा तुटण्याचा त्रास होता, तो निस्तरला तेव्हा कुठे गाडी उभी राहिली. १९७२ मध्येही जॅव्हलिनच, रॉय वुड्सचा संघ, फॉलमर चालक. १९७३ मध्ये नियम बदलले आणि पीटर ग्रेगने पोर्शेवर चालकांचं अजिंक्यपद नेलं.

मालिका मात्र मेली नाही. १९८३ पासून विली टी. रिब्ज या कृष्णवर्णीय चालकाने तिथं शर्यती जिंकल्या. अमेरिकन मोटर शर्यतींत तोवर असे चेहरे फार थोडे होते. १९८८ मध्ये ऑडीने चारही चाकांना जोर देणारी २०० क्वाट्रो आणली, हर्ली हेवूडने अजिंक्यपद घेतलं, आणि पुढच्या वर्षासाठी तसल्या गाडीला नियमांनी दार बंद केलं.

मिस्त्री_नाशिक

एक शेवटचा प्रश्न. मागच्या चाकांना डिस्क ब्रेक कधी आले? तुम्ही फक्त पुढच्याचं लिहिलंत.

चौथा_गिअर

@मिस्त्री_नाशिक, कॅमारोला १९६९ मध्ये. शर्यतीत वापरायचे तर शोरूमच्या यादीत हवेत, म्हणून शेव्हरोलेने चारही चाकांना डिस्कचा ऑप्शन काढला, कोड जेएल८. सामान्य गिऱ्हाइकाला तो महाग पडायचा, फक्त २०६ गाड्यांना लागला. मिळाला तर त्याच्या मागच्या कॅलिपरचा फोटो बघा आणि तुमचं मत लिहा. त्यावर पुढचं बोलू.

मिस्त्री_नाशिक

बघितला. मागे पण चार पिस्टनचा कॅलिपर दिसतोय, कॉर्व्हेटसारखा. याला लीक झालं की चारही सील बदलावी लागणार, सोपं काम नाही. पण थांबेल भारी. अनघाताई, पुढच्या ऑगस्टमध्ये तिथं गेलात तर पिटमध्ये चाक काढलेलं असताना मागच्या ब्रेकचे फोटो काढता येतील का? हँडब्रेक कुठे बसवलाय ते बघायचंय.

अनघा_सॅनहोजे

नक्की. तिथं पिट सगळ्यांना खुलं असतं, मालक हौसेने दाखवतात. कॅमारोचे काढते, आणि जमलं तर बॉस ३०२ चेही, म्हणजे तुलना करता येईल.